मात्रा

हिला छत्री नाही, देठ नाही.
पावसानंतर उगवून दोन दिवसांत मान टाकणारी
ती गोरीपान अळंबी ही नव्हे.
भूर्जाच्या पांढऱ्या अंगावर जळक्या कोळशासारखी गाठ,
वीस हिवाळे खोड खाऊन घट्ट झालेली.
कुऱ्हाडीनं टवका उडवला की आत गंजाचा रंग.

आई म्हणते, जिवंत झाडावरचीच घ्यायची.
मेल्या झाडावरची म्हणजे नुसतं लाकूड.
आणि सगळी खरवडायची नाही,
झाडाकडेही थोडं दुखणं राहू द्यावं,
नाहीतर ते पुन्हा काय देणार?

बाबांचं जेवण तुटलं तेव्हा फेब्रुवारी होता,
वाख नदीवरचा बर्फ अजून ट्रक पेलत होता.
पाइक माशाचं कालवण चार चमचे घ्यायचे
आणि वाडगा पायानंच सरकवायचे कुत्र्याकडे,
आईला दिसू नये म्हणून.
आईला दिसायचं.

तिनं तुकडा दोन रात्री भिजवला.
मग किसून, चुलीच्या कडेला ठेवला.
उकळू द्यायचं नाही.
पाणी गुणगुणायला लागायच्या आत उचलायचं,
बोट बुडवून पाचपर्यंत मोजता आलं पाहिजे.
रंग कडक चहाचा. चव म्हणाल तर
लहानपणी मी ओल्या होडीची कड चाटली होती,
तशी.

सुरगुतच्या इस्पितळात डॉक्टर रशीदा गारीफोव्नांनी विचारलं,
"आणखी काही घेता? घरचं?"
बाबा छताकडे बघत राहिले.
आई हातमोज्याची लोकर उपसत राहिली.
मीच सांगितलं. फितूर झाल्यासारखं वाटलं.

डॉक्टर रागावल्या नाहीत.
म्हणाल्या, काचेच्या बशीतल्या पेशींवर हे चालतं,
उंदरांवरही चालतं थोडंफार,
माणसांचं अजून कुणी नीट मोजलेलं नाही.
पण निकिफोर, तुमची रक्त पातळ करायची गोळी आहे ना,
तिच्याशी हे भांडेल.
आणि रोज तांब्याभर म्हणजे मुतखड्याला आवतण.
"मग किती द्यायचं?" आईनं विचारलं.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"मला माहीत नाही."
त्या क्षणी आईला ती बाई आवडली.

खाली औषधांच्या दुकानात तीच गाठ,
पूड होऊन साठ कॅप्सूलांत बसलेली.
डबीवर पोट, यकृत, साखर, प्रतिकारशक्ती,
सगळ्यांना एका दमात बरं करणारी अक्षरं.
आईनं मला दोनदा वाचायला लावलं.
"कुठलं झाड ते लिहिलं नाही," म्हणाली.
"थोडी ठेवली का, तेही नाही."

मी जन्मले तेव्हा हीच गाठ निखाऱ्यात लाल करून
पाण्यात टाकली होती,
त्या काळ्या पाण्यानं माझी पहिली आंघोळ.
आजोबांना घराबाहेर काढलं तेव्हा
हिचाच धूर कोपऱ्याकोपऱ्यात फिरवला.
येताना हजर, जाताना हजर,
मधल्या सत्तर वर्षांबद्दल मात्र
हिनं कधी कुणाला वचन दिलेलं नाही.
वचनं आम्हीच देतो, हिच्या नावानं.

एप्रिलमध्ये बाबांचं अर्धं पोट कापलं.
जूनमध्ये डास आले, बाबाही आले, होडीतून,
कोट दोघांना पुरेल एवढा सैल.
तिसऱ्या दिवशी मासा मागितला.
काट्यांसकट.

कशाची मात्रा लागू पडली?
सुरीची म्हणा, गोळीची म्हणा,
फेब्रुवारीतल्या त्या कोमट पेल्यांमुळे
तो महिना झोप लागली, तिचीही म्हणा.
आई काहीच म्हणत नाही.
गुण आला की कारण विचारू नये,
ओढून न्यायला ते परत येतं, असं तिचं मत.

आता पेला ती माझ्यासाठी भरते, बाबांना बंदी आहे.
तरी आधी तो त्यांच्या हातात जातो.
ते दोन्ही तळवे शेकून घेतात, वास घेतात,
पीत नाहीत, माझ्याकडे देतात.
मग आईला, रोज तेच:
"त्या झाडावर थोडी ठेवलीस ना?"